चालत्या वाळूचा जिल्हा

काळात मागं जायचं म्हणजे एका जागी उभं राहायचं आणि वर्षं उलटी फिरू द्यायची, अशी आपली समजूत असते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डेअर काउंटीत तसं करू नका, बुडाल. इथं वर्षांबरोबर जागाही सरकते. तेव्हा मी सांगेन तिथेच पाऊल टाका आणि चपला हातात घ्या. बहुतेक थांबे वाळूतले आहेत.

पहिला थांबा वीस हजार वर्षांमागचा. थंडी कडाक्याची, भोवती सूचिपर्णी झाडं आणि समुद्राचा पत्ताच नाही. जगातलं अफाट पाणी बर्फाच्या थरांत गोठून बसलंय, त्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली आणि किनारा पूर्वेला कित्येक मैल लांब. इथं फार रेंगाळू नका. बर्फ वितळू लागतो, पाणी चढतं, नद्यांची खोरी बुडतात आणि लाटा वाळू लोटत एक अरुंद बांध रचतात. समुद्र चढतो तसा तो बांध मागे सरकतो. कसा, ते मात्र नीट बघून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. मोठं वादळ आलं की समुद्राकडची वाळू उचलली जाते, पाण्याबरोबर बांधावरून पलीकडे जाते आणि मागच्या उथळ पाण्यात पसरते. पुढून गेलेलं बरंचसं मागे येऊन पडतं. बांध नष्ट होत नाही, बिऱ्हाड हलवतो.

या बांधाचं आजचं नाव आउटर बँक्स. तो मुख्य भूमीपासून सुटून समुद्रात घुसलाय आणि हॅटरास भूशिराशी कोपरासारखा वळतो. काही ठिकाणी इतका अरुंद की एका बाजूला अटलांटिकच्या लाटा फुटताना दिसतात आणि मान वळवली की दुसऱ्या बाजूचं संथ, उथळ पाणी दिसतं. या आतल्या पाण्याला इथे साउंड म्हणतात, आणि त्यातला सगळ्यात मोठा पॅम्लिको साउंड. आत रोअनोक बेट आहे आणि त्याच्या पश्चिमेला दलदलीची मुख्य भूमी, जिथे आज माणसांपेक्षा अस्वलं जास्त सुखात राहतात. हे सगळं मिळून डेअर काउंटी. तिच्या हद्दीतला जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच आहे, त्यामुळे सातबारा काढायचा तर मासळीच्या नावावर काढावा लागेल.

आता १५२४ सालात या. तुम्ही जहाजावर आहात. कप्तान फ्लॉरेन्सचा व्हेराझानो, चाकरी फ्रान्सच्या राजाची. समोर वाळूची लांबलचक पट्टी आणि तिच्या पलीकडे पुन्हा पाणी. पलीकडचा किनारा दिसतच नाही. कप्तान किनाऱ्याकिनाऱ्याने जहाज नेतोय आणि आत शिरायला तोंड शोधतोय, पण ते काही सापडत नाही. राजाला पाठवायच्या पत्रात तो लिहितो की वाळूच्या त्या बाजूला पूर्वेचा समुद्र आहे, जो हिंदुस्थान आणि चीनपर्यंत पोहोचतो. तुम्ही हिंदुस्थानातूनच आलेले आहात. त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगावंसं वाटेल की बाबा रे, ते पाणी बऱ्याच ठिकाणी छातीपर्यंतही नाही. सांगू नका. नंतर कितीतरी वर्षं युरोपातले नकाशे उत्तर अमेरिकेच्या पोटात हा नसलेला समुद्र रंगवत राहणार आहेत, आणि अमेरिकेतून आशियाला जवळची वाट असल्याच्या आशेवर आणखी जहाजं निघणार आहेत.

त्यांतली दोन इंग्लंडहून १५८४ साली येतात. परत जाताना त्यांच्याबरोबर इथले दोन तरुण जातात, मँटिओ आणि वाँचीज. मँटिओ हॅटरासच्या बाजूच्या क्रोअटोअन लोकांचा, वाँचीज रोअनोकचा. दोघांनीही लंडन पाहिलं. एक आला तो इंग्रजांचा मित्र होऊन, दुसरा आला तो त्यांचा पक्का वैरी होऊन. कुणाचा अंदाज बरोबर ठरला ते तुम्हीच बघा.

पुढच्या वर्षी राल्फ लेन सैनिक घेऊन येतो. त्याच्याबरोबर जॉन व्हाइट नावाचा चित्रकार आहे. त्याच्या मागे उभं राहून जरा वेळ बघा, कारण इथल्या लोकांचं जगणं आपल्याला दिसतं ते बरंचसं याच माणसाच्या कुंचल्यातून. खोड जाळून आणि शिंपल्यांनी खरवडून केलेल्या होड्या, पाण्यात काठ्या रोवून मासे कोंडायची कुंपणं, रात्री होडीत पेटवलेला जाळ. उथळ पाण्यात कसं जगायचं हे या लोकांना पूर्ण ठाऊक आहे. इंग्रजांना ते ठाऊक नाही, त्यामुळे ते शेजाऱ्यांच्या धान्यावर जगतात. एका गावाच्या पोटापुरता मका दोघांना कुठून पुरणार? वाद वाढतो, आणि १५८६ च्या जूनमध्ये लेनची माणसं रोअनोकांचा प्रमुख विंगिना याला ठार मारतात. थोड्याच दिवसांत फ्रान्सिस ड्रेकची जहाजं येतात आणि लेन माणसांसह मायदेशी पळतो.

केलेल्या कृत्याची फळं पुढच्यांच्या वाट्याला येतात. १५८७ च्या उन्हाळ्यात सुमारे ११५ माणसं उतरतात, या वेळी बायकामुलांसह. म्होरक्या आहे तोच चित्रकार, जॉन व्हाइट. त्यांना खरं तर उत्तरेला चेसापीकच्या खाडीत वसायचं होतं, पण जहाजाचा नाखवा सायमन फर्नांडिस त्यांना पुढे न्यायला नकार देतो. आठवड्याभरातच जॉर्ज हाउ नावाचा एक इसम खेकडे पकडायला एकटाच पाण्यात उतरतो आणि बाण लागून मरतो. विंगिनाचं देणं त्याने फेडलं.

१८ ऑगस्टला व्हाइटची मुलगी एलिनॉर डेअर बाळंत होते. मुलीचं नाव ठेवतात व्हर्जिनिया. अमेरिकेत जन्मलेली पहिली इंग्रज म्हणून हिचं नाव पुढे शाळेच्या पुस्तकात जाईल. आजोबांना नात फक्त ९ दिवस बघायला मिळते, कारण शिधा आणायला कुणीतरी इंग्लंडला जायला हवं आणि सगळे मिळून त्यालाच पाठवतात. जायच्या आधी ठरतं की जागा सोडावी लागली तर नव्या ठिकाणाचं नाव झाडावर कोरून ठेवायचं, आणि संकटात सोडली असेल तर त्यावर क्रूस काढायचा.

व्हाइटला लगेच परतायचं होतं. पण १५८८ साली स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं, जहाजं अडकली आणि परतायला उजाडलं १५९०.

त्याच्या होडीत तुम्हीही बसा. येतानाच एक होडी बांधावरच्या लाटांत उलटून ७ माणसं बुडालीत, त्यामुळे कुणी बोलत नाही. रात्री झाडीत जाळ दिसतो. होडी नांगरून कर्णा वाजवला जातो, मग इंग्लंडातली ओळखीची गाणी मोठ्यांदा म्हटली जातात. उत्तर नाही. सकाळी कळतं की ते वाळकं गवत आणि कुजकी झाडं जळत होती. तारीख १८ ऑगस्ट, नातीचा तिसरा वाढदिवस. वाळूच्या चढावर एका झाडावर ‘क्रो’ एवढीच अक्षरं कोरलीत. पुढे गेल्यावर लाकडी तटबंदी, आतली घरं उतरवून नेलेली, आणि दाराशी एका खांबाची साल काढून त्यावर सुबक मोठ्या अक्षरांत ‘क्रोअटोअन’. क्रूस नाही. जवळच व्हाइटने पुरून ठेवलेल्या पेट्या कुणीतरी उकरून फोडल्यात. पुस्तकांच्या जिल्दी फाटल्यात, नकाशे पावसाने कुजलेत, चिलखत गंजून गेलंय. आता त्याच्या चेहऱ्याकडे बघा. माणूस खुशीत आहे. कारण क्रोअटोअन म्हणजे मँटिओचं गाव, इथून दक्षिणेला, आजच्या हॅटरास बेटावर. सगळे मित्राकडे गेलेत एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिकडे निघायचं. पण हवा बिघडते, दोर तुटतात, एकामागून एक नांगर जातात आणि शेवटी जहाजावर एकच नांगर उरतो. कप्तान तोंड फिरवतो. व्हाइट पुन्हा कधीच इथे आला नाही.

या प्रकाराला ‘हरवलेली वसाहत’ म्हटलं जातंय. त्यावर पुस्तकं आहेत, माहितीपट आहेत, आणि रोअनोक बेटावर १९३७ पासून पाण्याकाठच्या उघड्या रंगमंचावर पॉल ग्रीनचं त्याच नावाचं नाटक उन्हाळ्यात होतं. मला यात हरवलेलं काही दिसत नाही. माणसं पत्ता लिहून गेली. तो पत्ता बरोबर होता की नाही हे बघायला वेळेवर कुणी गेलं नाही. १७०९ मध्ये जॉन लॉसन या प्रवाशाचं पुस्तक छापलं गेलं, त्यात हॅटरासच्या लोकांनी त्याला सांगितल्याची नोंद आहे की आमचे काही पूर्वज गोरे होते आणि त्यांना पुस्तक वाचता यायचं. काहींचे डोळे करडे असल्याचंही त्याने लिहिलंय. पुरावा म्हणून हे कोर्टात टिकणार नाही. पण जगायचं कसं हे ज्यांना माहीत होतं त्यांच्याकडे उपाशी माणसं गेली असतील, यात गूढ काय आहे? १८७० मध्ये काउंटी स्थापन झाली तेव्हा नाव दिलं गेलं त्या ९ दिवसांच्या नोंदीपुरत्या मुलीचं. मँटिओच्या वाट्याला काउंटीचं मुख्य गाव आलं, वाँचीजच्या वाट्याला त्याच बेटाच्या दक्षिण टोकावरचं मच्छीमारांचं गाव. हे वाटप मला बरं वाटतं.

१८४६ च्या सप्टेंबरमध्ये थोडाच वेळ थांबू. वादळाने पॅम्लिको साउंडचं पाणी आत ढकलून तुंबवलंय आणि आता वारा फिरलाय. तुम्हाला समुद्राकडे तोंड करून उभं राहायची सवय असेल, पण इथे पाठीमागून धोका आहे. तुंबलेलं पाणी साउंडच्या बाजूने बांधावर धडकतं आणि त्याला आतून बाहेर फोडतं. एकाच वादळात दोन तोंडं पडतात. दक्षिणेचं हॅटरास इनलेट, उत्तरेचं ओरेगन इनलेट. दुसऱ्याचं नाव ‘ओरेगन’ नावाच्या जहाजावरून पडलं, जे त्या रात्री साउंडमध्ये होतं. कालपर्यंत जिथून माणूस चालत जायचा तिथून आता गलबतं जातात. आणि ओरेगन इनलेट तेव्हापासून एका जागी थांबलेलं नाही. ते दक्षिणेकडे दोनएक मैल सरकलंय.

यादवी युद्ध आपण धावतच ओलांडू, पण १८६३ चं रोअनोक बेट बघून. फेब्रुवारी १८६२ मध्ये उत्तरेच्या फौजांनी बेट जिंकलं आणि मुख्य भूमीवरचे गुलाम होड्यांतून पळून इथे येऊ लागले. त्यांची रीतसर वसाहत उभी राहिली. आखलेल्या गल्ल्या, छोटी घरं, शाळा, तीन हजारांवर माणसं. पुरुष उत्तरेच्या सैन्यात भरती झाले. युद्ध संपल्यावर सरकारने जमिनी जुन्या मालकांना परत केल्या आणि १८६७ मध्ये वसाहत मोडली. या बेटावर वसलेली ही आणखी एक वसाहत. हिचं नाटक झालं नाही.

याच बेटावर गुलाम म्हणून जन्मलेला रिचर्ड एथरिज त्या सैन्यात सार्जंट झाला होता. त्याला भेटायला ११ ऑक्टोबर १८९६ च्या संध्याकाळी बांधावरच्या पी आयलंडवर या. एवढ्या पुढे येताना कपडे भिजणार आहेत, त्याला इलाज नाही.

आधी हा माणूस इथे का, ते ऐका. हॅटराससमोर उत्तरेचा थंड प्रवाह आणि दक्षिणेचा कोमट गल्फ स्ट्रीम भेटतात, आणि भूशिरापासून डायमंड शोल्स नावाचे वाळूचे उथळ दांडे समुद्रात मैलोन् मैल गेलेत. जहाजं प्रवाहाचा फायदा घ्यायला किनाऱ्याजवळून जातात, आणि वाळू काल होती तिथे आज नसते. या पट्ट्याला अटलांटिकचं स्मशान म्हणतात ते उगाच नाही. यादवी युद्धातली प्रसिद्ध चिलखती नौका ‘मॉनिटर’ ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे इथेच बुडाली. म्हणून सरकारने किनाऱ्यावर ठरावीक अंतरावर बचाव ठाणी बांधली. १८८० मध्ये एथरिज पी आयलंडच्या ठाण्याचा प्रमुख झाला आणि त्याच्या हाताखाली सगळे काळे जवान नेमले गेले. काही महिन्यांतच कुणीतरी ठाणं जाळलं. त्याने नवं ठाणं उभारलं आणि रोजची कवायत अशी बसवली की तपासनीसांना बोट ठेवायला जागा मिळेना.

आज वादळामुळे पुळणीवरची गस्त बंद आहे, कारण पुळणच पाण्याखाली आहे. थिओडोर मीकिन्स नावाच्या जवानाला दक्षिणेला अंधारात मशालीसारखा उजेड दिसतो. ‘ई. एस. न्यूमन’, तीन डोलकाठ्यांचं जहाज, वाळूत रुतलंय. त्यावर ९ माणसं आहेत, कप्तानाची बायको आणि तीन वर्षांचा मुलगा धरून. तुम्ही गाड्याला हात लावा. साहित्याचा गाडा ओढत दोन मैल जायचंय. चाकं वाळूत आणि पाण्यात रुततात आणि वाऱ्यात शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही.

पोहोचल्यावर कळतं की गाड्यातलं काहीच उपयोगाचं नाही. एरवी छोट्या तोफेने दोरी जहाजावर फेकतात आणि ती दोरी वाळूत गाडलेल्या नांगराला बांधतात. पण नांगर गाडायला कोरडी वाळू कुठे आहे? होडी लोटायचाही प्रश्न नाही. एथरिज दोन जवानांना पुढे बोलावतो. एका जाड दोराने त्यांना एकमेकांना बांधतो, दोराचं दुसरं टोक काठावरच्यांच्या हातात. तुमच्याही हातात. दोघं लाटांत चालत, मग पोहत जातात. दोर हातातून सरकतो, मग थांबतो, मग ओढ बसते. पहिल्या खेपेला येतं ते मूल. पुढच्या खेपेला दुसरी जोडी जाते. असं एक एक करत सगळे ९ जण किनाऱ्यावर येतात, कुणीही दगावत नाही, ना जहाजावरचा ना ठाण्यातला.

ठाण्याच्या वहीत एथरिजने नोंद केली आणि गोष्ट तिथेच राहिली. पदक मिळालं नाही. ते मिळालं १९९६ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, सुवर्णपदक. एथरिज १९०० मध्येच वारला होता.

ज्या बचाव ठाण्यांच्या जवानांनी जहाजं वाचवली, त्यांच्याच मदतीने पुढे विमान उडालं, हे फारसं सांगितलं जात नाही. १९०० मध्ये ओहायोतल्या सायकल दुकानदाराचं पत्र किटी हॉकच्या हवामान कचेरीत आलं. विल्बर राइटला सतत वाहणारा वारा हवा होता, उघडी टेकडी हवी होती आणि आपटलं तरी हाडं मोडणार नाहीत अशी जमीन. गावातल्या बिल टेटने उत्तर लिहिलं की इथं तिन्ही आहेत, जरूर या. विल्बर एका गळक्या जहाजातून साउंड ओलांडून आला. जहाजावरच्या अन्नाची अशी शिसारी आली की बहिणीने दिलेल्या मुरंब्याच्या बरणीवर त्याने दिवस काढले. पहिल्या ग्लायडरच्या कापडाला टाके घातले गेले ते टेटच्या बायकोच्या शिलाई यंत्रावर.

१७ डिसेंबर १९०३. किल डेव्हिल टेकडीच्या पायथ्याशी या. डबक्यांवर बर्फ धरलंय. वारा ताशी वीस मैलांच्या वर आहे, आणि वाळूचे कण डोळ्यांत जातात. विल्बर आणि त्याचा भाऊ ऑर्व्हिल यांनी खोपटावर मोठं फडकं लटकवलंय. ती बचाव ठाण्याला खूण, की या. ठाण्यातून तिघं येतात, शिवाय एक लाकडाचा व्यापारी आणि नॅग्स हेडचा एक पोरगा. एवढेच प्रेक्षक. विमानाला चाकं नाहीत; ते ६० फुटांच्या लाकडी रुळावर ठेवलंय. ऑर्व्हिल पंखावर पालथा झोपतो. त्याने आपला कॅमेरा तिपाईवर लावून ठेवलाय आणि ठाण्याच्या जॉन डॅनियल्सला रबरी फुगा हातात देऊन सांगितलंय की विमान रुळाच्या टोकाशी आलं की दाब. डॅनियल्सने आजवर फोटो काढलेला नाही.

१० वाजून ३५ मिनिटं. विल्बर पंखाचं टोक धरून बाजूने धावतो. वारा एवढा समोरून आहे की यंत्र पळत्या माणसाच्या वेगानेही जात नाही. मग रूळ संपायच्या आधीच ते वर उचललं जातं. बारा सेकंद, १२० फूट. तुमच्या शेजारी डॅनियल्सने फुगा दाबलाय, पण त्याला स्वतःला नंतर खात्री नव्हती की दाबला का. विमानविद्येच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं छायाचित्र हे असं निघालं. दुपारपर्यंत आणखी तीन उड्डाणं होतात आणि शेवटचं ५९ सेकंदांचं, ८५२ फुटांचं. त्यानंतर एक झोत येतो, उभं विमान उलटतं, डॅनियल्स त्याला धरायला धावतो आणि आत अडकून त्याच्याबरोबर गडगडतो. थोडक्यात वाचतो. पुढे आयुष्यभर तो विमान अपघातातला पहिला माणूस म्हणून मिरवला.

आता गंमत बघा. या घटनेचं स्मारक टेकडीवर बांधायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं की २५ वर्षांत टेकडीच वाऱ्याने सुमारे ४५० फूट नैर्ऋत्येला गेलीय. मग तिच्यावर गवत लावून तिला जखडलं आणि १९३२ मध्ये माथ्यावर ग्रॅनाइटचा मनोरा उभा राहिला. जॉकीज रिज ही शेजारची वाळूची टेकडी मात्र अजून मोकळी आहे. १९७३ मध्ये ती सपाट करायला बुलडोझर आला तेव्हा कॅरोलिस्टा बॉम नावाची बाई त्याच्यासमोर उभी राहिली, म्हणून राहिली.

जखडण्याचा हाच उपाय मग सगळ्या किनाऱ्यावर केला गेला. १९३० च्या आसपास पूल झाले, मोटारी आल्या आणि मंदीत बेकार तरुणांना सरकारने काम दिलं. काटक्यांची कुंपणं रोवायची, वाळू अडवायची, गवत लावायचं. समुद्राच्या कडेने वाळूची सलग भिंत उभी राहिली. मागे रस्ता, रस्त्याच्या मागे घरं. सगळ्यांना वाटलं समुद्र थोपवला. पण वीस हजार वर्षांमागच्या थांब्यावर काय पाहिलंत ते आठवा. वादळाची वाळू बांधावरून पलीकडे जायची, म्हणून बांध जगायचा. भिंतीने तीच वाट बंद केली. समुद्राकडून खरवडणं चालूच, साउंडकडे भर पडणं थांबलं, आणि बेट दोन्हीकडून बारीक होत गेलं. हेतू चांगला होता. परिणाम आज मोजावा लागतोय.

१९४२ चे सुरुवातीचे महिने मी तुम्हाला दाखवणार नाही. रात्री क्षितिजावर जळणारी तेलवाहू जहाजं आणि सकाळी पुळणीवर काळं तेल. जर्मन पाणबुड्या एवढ्या जवळ होत्या की घरांच्या काचा हादरायच्या.

थेट १९९९ च्या जूनमध्ये, बक्स्टनला या. हॅटरासचं काळ्यापांढऱ्या सर्पिल पट्ट्यांचं दीपगृह १८७० मध्ये पेटलं तेव्हा समुद्र १५०० फुटांवर होता. १९७० पर्यंत तो १२० फुटांवर आला. भिंती, वाळूच्या गोण्या, सगळं करून झालं. शेवटी ठरलं की हे ४८०० टनांचं विटांचं दीपगृह उचलून मागे न्यायचं. काउंटीच्या प्रतिनिधींसकट बरेच गावकरी विरोधात होते. वाटेतच कोसळेल, म्हणत. तुम्ही गर्दीत उभे आहात आणि काहीच होताना दिसत नाही. जॅक दाबतात, पाच फूट सरकतं, थांबतं, मोजमाप, पुन्हा पाच फूट. २३ दिवसांत ते २९०० फूट मागे गेलं आणि एकही वीट निखळली नाही. बांधाने हजारो वर्षं जे केलं ते माणसाने एकदा केलं आणि ते साधलं.

आता त्याच बेटावरच्या रोडँथी गावात, आजच्या काळात. काठावरची लाकडी घरं उंच खांबांवर उभी आहेत आणि भरतीला खांबांमधून लाटा जातात. मे २०२२ मध्ये एकाच दिवशी इथली दोन घरं समुद्रात गेली. २०२० पासून रोडँथी आणि बक्स्टन मिळून डझनभराहून जास्त. घर पडलं की तक्ते, खिळे, गाद्यांमधला फोम मैलोन् मैल पसरतो. बांधावरून जाणारा १२ नंबरचा रस्ता वादळात तुटतो आणि पुन्हा बांधला जातो. गावाच्या उत्तरेला मात्र राज्याने हट्ट सोडला: २०२२ च्या उन्हाळ्यात रस्ता वाळूवरून उचलून २.४ मैलांच्या पुलाने साउंडच्या पाण्यावर नेला. अडचण आहे ती घरांची. वाळूचा बांध सरकतो, पण जमिनीच्या तुकड्याची खरेदी, कर्ज आणि विमा कागदावर आखलेल्या चौकोनावर होतं, आणि तो चौकोन आता लाटांखाली आहे. काउंटीत कायम राहणारी माणसं ३७ हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात त्यांच्या कितीतरी पट येतात, आणि काठावरचं घरच सगळ्यांना हवं असतं. माझं मत विचाराल तर ही घरं पडायच्या आधी विकत घेऊन उतरवावीत. राष्ट्रीय उद्यान खात्याने काही घरांच्या बाबतीत ते केलंही आहे. समुद्राने उतरवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

तुमचे कुणी नॉर्थ कॅरोलिनात असतील आणि कधी जाणं झालं तर सप्टेंबर टाळा, तो वादळांचा महिना. मँटिओत मुक्काम करा, एथरिजच्या जवानांचं छोटं संग्रहालय तिथेच आहे. १२ नंबरचा रस्ता चालू आहे का, हे सकाळी निघायच्या आधी विचारा. आणि नकाशा विकत घेतलात तर पैसे देण्यापूर्वी त्यावरचं छपाईचं साल बघून घ्या.